धुराचं देणं

आईची जोडवी कापून काढावी लागली ते साल 2011. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. पायांना सूज तिला दोन-तीन वर्षांपासून यायची. संध्याकाळी यायची, रात्री आडवी झाली की सकाळपर्यंत उतरायची. त्या वेळी उतरलीच नाही. बोटं अशी फुगली की चांदी मांसात रुतली आणि भोवतीची कातडी काळीनिळी पडली. साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, दोरा गुंडाळून काढायची बायकांची युक्तीही करून झाली. शेवटी थोरल्या दादानं म्हसवडहून एका सोनाराला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं.

"नवरा जिता हाय अन् जोडवी काढायची व्हय?" आई पाय आखडून घेत म्हणाली.

आबा ओट्यावर बिडी ओढत बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "काप रं बाबा. मला काय धाड भरतीया?"

सोनारानं बारीक कातरीनं चार जोडवी कापली. आईनं त्याच संध्याकाळी हळदीत बुडवलेला दोरा बोटांना बांधून घेतला आणि मगच चहा प्यायली.

त्या जोडव्यांमुळं तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, हे लिहिताना आज लाज वाटते. त्याआधी कित्येक वर्षं ती खोकत होती. पहाटे उठल्या उठल्या खोकल्याची एक उबळ, मग दारामागच्या गाडग्यात थुंकणं, मग चूल. आमच्या घरातल्या आवाजांत तो एक आवाज होता. जात्याची घरघर, म्हशीचं हंबरणं, आबांचं खाकरणं, तसा आईचा खोकला. घड्याळ नसताना मला शाळेसाठी जाग त्या खोकल्यानं यायची. विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेत दोनदा थांबायची, त्याला आम्ही "आईचं आता वय झालं" म्हणायचो. तेव्हा ती पंचावन्नचीसुद्धा नव्हती. तिच्या सासूला, म्हणजे आमच्या आजीलाही 'दमा' होता. घरातल्या बाईला दमा असतो, असंच आमच्या डोक्यात बसलेलं होतं.

आमचं घर माण तालुक्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्या घराचं कौतुक शहरातले लोक आता पैसे खर्चून करतात. पण त्याला खिडकी नव्हती. चुलीच्या डोक्यावर माळवदाला एक साणं होतं, म्हणजे उजेड यावा आणि धूर जावा म्हणून ठेवलेलं हातभर भोक. पावसाळ्यात त्यावर पत्र्याचा तुकडा आणि दगड. मग चार महिने धुराला दुसरी वाट म्हणजे माजघरातून पुढच्या दारापर्यंतची. वाटेत तो आमच्या अंथरुणावरून, फडताळातल्या पुस्तकांवरून आणि पाळण्यावरून जायचा. तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. आबा म्हणायचे, धुरानं लाकडाला वाळवी लागत नाही. ते खरंच होतं.

जळण हंगामाप्रमाणं बदलायचं. सुगीनंतर ज्वारीची धसकटं, तुरीच्या काटक्या. उन्हाळ्यात वेड्या बाभळीचं सरपण, ते मात्र चांगलं जळायचं. पावसाळ्यात शेणी, निम्म्या ओल्या. ओल्या शेणीचा धूर ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. पिवळट, जड, जमिनीकडं उतरणारा. आम्ही पोरं डोळे चोळत अंगणात पळायचो. आई पळायची नाही, कारण तव्यावर भाकरी असायची. ज्वारीची भाकरी असं काम आहे की त्यात बाईला तव्यापासून उठता येत नाही. एक थापायची, एक तव्यावर, एक जाळापुढं आराला लावलेली. तिन्हींवर डोळा. जाळ मंदावला की खाली वाकून फुंकणीनं फुंकायचं आणि फुंकण्याआधी श्वास घ्यायचा. तो श्वास कशाचा असणार?

आम्ही घरात अकरा माणसं. एका वेळेला तीसेक भाकरी, शिवाय रानात गड्यासाठी वेगळ्या. वैलावर कालवण, मागाहून दूध, त्याआधी आंघोळीचं पाणी. दिवसाला चार तास धरले तर ते कमीच धरले. ती 1967 साली लग्न होऊन आली. 2011 पर्यंतचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला: चौसष्ट हजार तासांच्या वर. रात्रंदिवस धरले तरी सात वर्षांपेक्षा जास्त. म्हणजे माझी आई सलग सात वर्षं, झोपेतसुद्धा, धुरात बसून होती असं म्हणायला हरकत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी आबांकडं पाहिलं आणि मग आईला विचारलं, "मावशी, बिडी ओढत होता का कधी?"

आईला हसू आलं. "मी? हे वडतात की."

"मिसरी?"

"ती लावते."

मिसरी वाईटच, पण हे दुखणं तिचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी गळ्यावरची शीर पाहिली. ती फुगलेली होती. उजव्या बरगडीखाली दाबलं तर आई कळवळली. यकृत सुजलं होतं. छातीचा फोटो, ईसीजी, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी आणि नळीत जोरानं फुंकायची एक तपासणी झाली. जन्मभर फुंकणी फुंकलेल्या बाईला त्या नळीत नीट फुंकता येईना. दम पुरेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि दादाला बसवून कागदावर चित्र काढलं. हृदयाला दोन बाजू. डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त पुरवते, ती दणकट. उजवी बाजू फक्त फुप्फुसात रक्त ढकलते. ते काम हलकं, म्हणून तिची भिंत पातळ. आईची फुप्फुसं धुरानं वर्षानुवर्षं बिघडत गेली. हवेच्या नळ्या आवळल्या, काही भाग निकामी झाला, प्राणवायू कमी पडू लागला. फुप्फुसाचा स्वभाव असा की जिथं हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. अख्ख्या फुप्फुसातच हवा कमी म्हटल्यावर सगळ्याच आकसल्या. आता उजव्या बाजूला त्या आकसलेल्या नळ्यांतून रक्त रेटायचं. आधी तिची भिंत जाड झाली, मग ती थकली आणि फुगली. पुढं जाईना ते रक्त मागं तुंबलं, म्हणून गळ्याची शीर, म्हणून यकृत, म्हणून पाय. या दुखण्याला त्यांच्या भाषेत 'कॉर पल्मोनेल' म्हणतात.

मी बी.एस्सी. शिकलेला, पण दादाला माझ्याआधी कळलं. तो म्हणाला, "म्हंजी ठिबकच्या नळ्या चोकप झाल्या अन् लोड मोटरीवर आला."

डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिले. "अगदी बरोबर."

"मग मोटर मुळात चांगली हुती?"

"मोटर चांगली होती," डॉक्टर म्हणाले. "हृदयात तुमच्या आईच्या मुळात काही दोष नव्हता."

हे वाक्य मी घेऊन आलो आणि ते अजून माझ्याकडं आहे. दुखणं म्हणजे नशीब, असं मानायची आमच्याकडं सवय. शेजारच्या बायका बघायला आल्या त्या म्हणाल्याच, "भोग असतू एकेकीचा." भोग हा फार सोयीचा शब्द आहे. तो म्हटला की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. पण दोष नसलेलं हृदय बाहेरच्या ओझ्यानं मोडलं असेल, तर ते ओझं कुणी घातलं, हे विचारावंच लागतं. बैल खाली बसला तर गाडी कुणी भरली, असं आपण विचारतोच की.

आबांनी भरली का? आबा सोळाव्या वर्षापासून बिडी ओढत. दिवसाला एक बंडल. ते ओढत ओट्यावर, मोकळ्या हवेत. त्यांची छाती 2019 साली चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले तोपर्यंत शाबूत होती. धूर त्यांनी हौसेनं ओढला, आजार तिला झाला. यात न्याय शोधायला गेलं तर वेड लागेल. पण आबांना दुष्टही म्हणता येत नाही. 1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडून घर जगवलं. घरात साण्याजागी धुराडं असावं हे त्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्या बापाला, चुलत्यांना, गावातल्या कुणाही बाप्याला सुचलं नव्हतं. ज्यांनी घरं बांधली ते चुलीपुढं बसत नव्हते, आणि ज्या बसत होत्या त्यांना घर बांधताना कुणी विचारलं नव्हतं. सगळी गोम एवढीच असावी, असं मला पुष्कळदा वाटतं. मग वाटतं, एवढ्यावरही भागत नाही.

कारण 1985-86 च्या सुमारास गावात निर्धूर चुली आल्या होत्या. सरकारची सुधारित चुलीची योजना तेव्हा देशभर चालली होती. आमच्याकडंही एक बसली. दोन भोकांची, मागून सिमेंटचा पाइप माळवदातून वर काढलेला. पहिले सहा महिने घरात खरंच धूर नव्हता. मग पाइप काजळीनं भरला. तो साफ करायला वर माळवदावर चढायला लागायचं, आणि ते काम कुणाचं हे काही ठरलेलं नव्हतं. आईनं दोनदा आबांना सांगितलं, एकदा दादाला, एकदा मला. माझी दहावी होती. शिवाय त्या चुलीचं तोंड लहान, बाभळीचा बुंधा जायचा नाही, तो फोडून बारीक करावा लागायचा. ते काम कुणाचं, हेही ठरलेलं नव्हतं. वर्षभरात आईनं स्वतःच ती चूल फोडली आणि जुन्यासारखी घातली. आम्ही म्हणालो, "आईला नवं काही जमत नाही."

आणि मी? मी 1995 साली नोकरीला पुण्यात गेलो. 2003 मध्ये पहिल्या बोनसमधून नाही, पण एका चांगल्या दिवाळीला घरी गॅस घेऊन दिला. फार अभिमान वाटला होता. शेगडीला हार घातला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि म्हणालो, "आई, गॅसवरच्या भाकरीला चव नाही गं."

मी खोटं बोललो नव्हतो. जाळापुढं आराला लावलेली भाकरी जशी फुगते, तिला जो खरपूस वास येतो, तो निळ्या ज्योतीवर येत नाही. आई काही बोलली नाही. संध्याकाळी मी मळ्यातून आलो तर चूल पेटलेली. पुढं आठ वर्षं, दर सुट्टीला, मी यायच्या आधी ती चूल पेटवायची. मी नसतानाही पेटायची. सिलेंडर महाग, भरून आणायला दहा मैल जायचं आणि पैसे दादाच्या खिशात, तेव्हा गॅस चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. पण मी यायचो तेव्हा ती खास माझ्यासाठी पेटायची. पुण्यात मित्रांना सांगायचो, "आमच्या आईच्या हातची चुलीवरची भाकरी खाऊन बघा एकदा."

डॉक्टरांना मी एकट्यानं गाठून विचारलं होतं, शेवटच्या आठ वर्षांनी किती बिघडलं असेल? ते म्हणाले, "थोडं वाढलं असणारच. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही." त्यांना वाटलं मी धीर मागतोय. खरं म्हणजे मला आकडा हवा होता. आकडा कळला असता तर माझ्या नावावर किती आणि बाकीच्यांच्या नावावर किती, हे मांडता आलं असतं.

अशी वाटणी होत नाही. अकरा माणसांनी चव्वेचाळीस वर्षं खाल्लेल्या भाकरींत माझ्या भाकरी किती, आणि एका भाकरीचा धूर किती? प्रत्येकाचा वाटा इतका बारीक की कुणालाही म्हणता यावं, माझ्यानं काही झालेलं नाही. पण शेतकऱ्याच्या पोराला हे म्हणता येत नाही. आमच्याकडं बांध कोरणं म्हणून एक प्रकार आहे. नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची चार बोटं माती आपल्याकडं ओढायची. एका वर्षी बघायला गेलं तर काहीच झालेलं दिसत नाही. वीस वर्षांनी मोजणी आली की शेजाऱ्याचे दोन गुंठे गेलेले असतात. कुठल्या वर्षी गेले, विचाराल तर उत्तर नाही. म्हणून ते गेलेच नाहीत, असं गावात कुणी म्हणत नाही. भांडण करतात, कोर्टात जातात, प्रसंगी डोकी फोडतात. मग आईच्या छातीचाच बांध तेवढा कुणी न कोरता गेला, असं म्हणायचं?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, अंगातलं पाणी काढायची गोळी दिली. मुख्य औषध प्राणवायू. घरी यंत्र ठेवायचं, ते हवेतून प्राणवायू वेगळा काढतं. नाकात नळी घालून दिवसातले किमान पंधरा तास घ्यायचा. आम्ही यंत्र आणलं. बसवायला आलेल्या पोरानं सगळं दाखवलं आणि जाताजाता म्हणाला, यंत्र चालू असताना खोलीत विस्तव चालणार नाही. बिडी-काडी नाही, निरांजन नाही, चूल तर अजिबातच नाही. प्राणवायूजवळ ठिणगी पडली तर भडका उडतो.

आईची खाट माजघरात, चूल चार पावलांवर. दुसऱ्याच दिवशी वहिनीनं चुलीला हळद-कुंकू वाहिलं आणि दादानं पहारीनं ती फोडली. मागच्या दारी लिंबाखाली नवी चूल घातली. वर चार पत्रे, बाजू मोकळ्या. आबांनी बिडी पेटवायला वेशीतल्या पारावर जायला सुरुवात केली. एका दिवसात घरातला धूर संपला.

मी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षं बाईच्या छातीसाठी जी चूल चार पावलं हलली नाही, ती यंत्रासाठी रातोरात घराबाहेर गेली. हलवायला काय लागलं? एक पहार, चार पत्रे आणि दादाची अर्धी सकाळ.

आता त्या रात्रीचं सांगतो, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

2012 चा मे महिना. मी रजा काढून गेलो होतो. रात्री लाइट गेली. यंत्राला जोडलेला इन्व्हर्टर तासाभरात संपला. लहान सिलेंडर होता तो लावला, पण तो जपून वापरायचा. आई उशीला टेकून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. मी पंख्यानं, म्हणजे वहीच्या पुठ्ठ्यानं, वारा घालत होतो. ओठ निळसर दिसत होते, की कंदिलामुळं तसं वाटत होतं, कळत नव्हतं. मला भरून आलं. मी म्हणालो, "आई, आम्ही तुला हे केलं. आम्ही सगळ्यांनी. मी पण. तुला धुरात बसवलं आणि जेवलो."

मला वाटलं ती डोक्यावरून हात फिरवेल. तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलायला तिला दम घ्यावा लागत होता, एकेक वाक्य तोडून ती बोलली.

"तू मला बसिवलंस?"

मी गप्प.

"मी बसले. माझ्या पोरांच्या पोटासाठी बसले. मला काय कुणी दावणीला बांधली हुती?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? आं? उद्या म्हणचील, तुजी भाकरी पाप हुती. मग मी जलमभर केलं काय?"

ती खोकली. बराच वेळ खोकली. मी पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुज्या आजीनं बी हेच केलं. तिची कुणी माफी मागितली न्हाई. तिला लागली बी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "पुट्टा हलीव. थांबलास का?"

मी पुठ्ठा हलवत राहिलो. पहाटे साडेतीनला लाइट आली.

माझ्या माफीत काय वाईट होतं, हे मला समजायला बरीच वर्षं लागली. मला ती द्यायची होती आणि मोकळं व्हायचं होतं. पण ती घेण्यासाठी आईला आधी एक मान्य करावं लागलं असतं: की चुलीपुढची तिची चव्वेचाळीस वर्षं म्हणजे तिच्यावर झालेली एक इजा. तिच्या हिशेबात तीच वर्षं तिची कमाई होती. अकरा माणसं जगली, तीन पोरं शिकली, दुष्काळात कुणी उपाशी झोपलं नाही. मी तिच्याजवळ उरलेले चार पैसे मोजायला घेतले आणि ते खोटे आहेत म्हणून सांगू लागलो. शेवटच्या दिवसांत, तेही दम लागलेला असताना.

पण म्हणून ती म्हणते ते खरं मानून गप्प बसावं का? ते फार स्वस्तात सुटणं होईल. सावकार कर्ज माफ करतो तेव्हा कर्ज होतं हे दोघांनाही मान्य असतं. आईनं माफ केलंच नाही. तिनं वहीतली नोंदच नाकारली. घेणेकरी म्हणतो माझं काही येणं नाही, म्हणून देणं संपतं का? मला वाटतं, संपत नाही. फक्त ते फेडायला माणूस उरत नाही. ज्या बाईला लहानपणापासून दुसरा पर्यायच दाखवला नाही, ती "मी माझ्या मनानं बसले" म्हणते तेव्हा तिचं मन खोटं नसतं. पण निवडायला समोर दोन वाटा कधीच नव्हत्या, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी मला अजून एका जागी बसवता आलेल्या नाहीत.

आई 2014 च्या जानेवारीत गेली. थंडीनं छाती भरली, तीन दिवसांत आटोपलं. बोटांचा दोरा तसाच होता.

त्यानंतर मी स्वतःला एकच समजूत घालत असे: आम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसताना झालेल्या गोष्टीचा दोष किती धरायचा? मग 2020 च्या ऑगस्टअखेरीस, टाळेबंदीत घरी बसलेलो असताना, डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती गेल्याची बातमी वाचली. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. जन्म ब्रह्मदेशातला, 1917 चा. कोरोनानं गेल्या तेव्हा वय 103. त्यांच्याबद्दल आणखी शोधून वाचत गेलो आणि एका ठिकाणी थबकलो. दिल्लीत काम करताना त्यांनी फुप्फुसामुळं होणाऱ्या हृदयविकाराच्या 127 रुग्णांचा अभ्यास केला होता, तो 1959 साली 'सर्क्युलेशन' या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. पुस्तकी समजूत अशी की हा आजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. दिल्लीत त्यांना बायका जवळजवळ तितक्याच दिसल्या, आणि पुरुषांपेक्षा लवकरच्या वयात. त्यांतल्या बहुतेक बायका विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. पद्मावतींनी बोट ठेवलं ते बंद घरातल्या चुलीच्या धुरावर.

1959. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या लग्नाला आठ वर्षं अवकाश. पुढं 1983 साली गुजरातेतल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून त्या किती धूर घेतात हे मोजल्याचं छापून आलं. तेव्हा मी आईच्या मांडीजवळ बसून पहिली भाकरी मागत होतो. घरोघरी गॅस द्यायची उज्ज्वला योजना आली ती 2016 मध्ये, आई जाऊन दोन वर्षांनी.

म्हणजे माहीत होतं. मला नव्हतं, आबांना नव्हतं, पण कागदावर होतं. एका बाईनं बायकांच्या छातीला कान लावून ते ऐकलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. दिल्लीहून आमच्या गावापर्यंत रेडिओ पोचला, कुटुंबनियोजनाची भिंतभर चित्रं पोचली, संकरित बियाणं आणि युरिया पोचलं. हे मात्र पोचलं नाही. जे पिकासाठी होतं ते आलं. मला कुणावर आरोप करायचा नाही. आणि ही ओळ लिहितानाच मला कळतंय की मला तो करायचा आहे, फक्त कुणावर ते ठरत नाही. म्हणून फिरून मी माझ्यापाशी येतो. गॅस आल्यावर, घरात पर्याय उभा असताना, "चव नाही" असं म्हणायला मला कुणी पद्मावतींचा लेख वाचायची गरज नव्हती. आईचे डोळे लाल होते, ते मला दिसत होते. लाल डोळे दिसायला काय शिक्षण लागतं?

आता रस्त्यानं जाताना जागोजागी पाट्या दिसतात, 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरची मिसळ'. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या थांबवून जेवतात. मागच्या शेडमध्ये दोन-तीन बायका भाकरी थापत असतात. पाटीवर त्यांचं नाव नसतं, चुलीचं असतं.

मागच्या पौषात गावी गेलो होतो. आता घरात सिलेंडर दोन आहेत, पण दादाची ऊसतोडीची उचल अडकलेली, तेव्हा एक रिकामाच होता. वहिनी आता साठीच्या पुढं. मी हात-पाय धुऊन मागच्या दारी गेलो तर लिंबाखालची चूल धडधडत होती. थंडीसाठी तीन बाजूंना वहिनीनं फाटकी ताडपत्री बांधलेली. आत धूर.

"वहिनी, गॅसवर करायच्या की."

"आता पेटवली की भावजी. तुमी यायचं म्हणून दादांनी सरपान फोडून ठिवलं सकाळीच. आत्ती सांगून गेल्यात, धाकट्याला गॅसवरची लागत न्हाई."

मी ताडपत्रीची एक बाजू सोडून खांबाला बांधली. वारा आत घुसला, जाळ विझायला आला. वहिनी म्हणाल्या, "आवं, भाकरी कच्ची ऱ्हाईल." मी परत ती अर्धी खाली सोडली. मग तिथंच पाटावर बसलो.

भाकरी टम्म फुगलेली, कडेला खरपूस. मी दोन खाल्ल्या. तिसरी वाढायला त्या वाकल्या, तेव्हा डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावलेला होता.